त्याच्या मांडीतल्या पेशी

डॉक्टरांनी माझ्या भावाला फरशीवर बसवलं आणि म्हणाले, उठ. तो उठला. डॉक्टरांनी वडिलांना सांगितलं की हा मुलगा चालायचा थांबेल.

तो सात वर्षांचा होता, मी तेरा. रायपूरच्या त्या दवाखान्यात मी वडिलांच्या मागे उभी होते. भाऊ जमिनीवरून कसा उठतो हे मी घरी रोज पाहत होते, पण डॉक्टरांनी बोट दाखवीपर्यंत मला ते दिसलं नव्हतं. तो आधी ओणवा व्हायचा, मग हात गुडघ्यांवर रोवायचा, मग मांड्यांवर, आणि असा स्वतःच्याच अंगावर चढत उभा राहायचा. आमच्या घरात त्याला आळस म्हणत.

आता तो नाही. गेल्या हिवाळ्यात, चोविसाव्या वर्षी गेला. मी त्याच्याबद्दल लिहायला बसते तेव्हा भेटायला येणाऱ्यांना वाटतं की मी दुःख लिहीत असेन. दुःख आहे, आणि ते माझं मी पाहून घेईन. मला लिहायचं आहे ते त्याच्या एका हट्टाबद्दल. त्याला स्वतःच्या मांडीतल्या स्नायूचा एक तुकडा प्रयोगशाळेला द्यायचा होता आणि आई तो देऊ देत नव्हती. त्या तुकड्याने त्याचं काहीच बरं होणार नव्हतं. तरीही त्याला द्यायचा होता.

वडील भिलाईच्या पोलाद प्लांटमध्ये रिगर होते. जड वस्तू साखळदंडाने, वायररोपने बांधायची, क्रेनवाल्याला हाताच्या खुणा करायच्या आणि ती वस्तू कोणाला न लागता दुसरीकडे नेऊन ठेवायची, हे त्यांचं काम. भंडाऱ्याकडच्या धानाच्या शेतांतून ते भिलाईला आले ते अठराव्या वर्षी, आणि आल्या आल्या वजन उचलायच्या स्पर्धांत उतरले. प्लांटच्या वसाहतीतल्या आमच्या क्वार्टरमध्ये फ्रिजवर त्यांचे कप होते. त्यांना मुलगा झाला आणि त्या मुलाच्या पोटऱ्या चौथ्या-पाचव्या वर्षीच अशा भरल्या की गल्लीतले लोक थांबून पाहायचे.

“काय खाऊ घालता जी पोट्ट्याले?” शेजारचे काका विचारायचे. “पोटऱ्या पाहा ना. हा तं पैलवान होते.”

“घरचंच खाते,” वडील म्हणायचे, आणि दिवसभर खूष असायचे.

तोच मुलगा जिना चढताना कठड्याला लटकायचा, शाळेच्या मैदानात पडायचा. वडिलांना ते पटत नव्हतं. एवढ्या पोटऱ्या असून पाय कमजोर कसे असतील? त्यांच्या कामात नवी साखळी किंवा नवा पट्टा आला की तो सरळ कामाला लावत नाहीत. आधी त्याच्यावर पेलायचं असेल त्यापेक्षा जास्त वजन टांगून पाहतात. त्याला लोड टेस्ट म्हणतात. ती झाली की मगच त्यावर भरवसा. वडिलांनी माझ्या भावाची लोड टेस्ट सुरू केली. शाळेच्या दप्तरात वाळूची पिशवी आणि आमच्या ब्लॉकचा जिना, वर आणि खाली, रोज सकाळी. खाली ते उभे राहून टाळ्या वाजवायचे. भाऊ हसत उतरायचा, कारण बाबा टाळ्या वाजवत होते.

उतरणं जास्त वाईट होतं हे मला पुष्कळ वर्षांनी पुस्तकात सापडलं. उतरताना स्नायू ताणला जात असतानाच जोर लावत असतो, आणि माझ्या भावाचे स्नायू अशा ताणानेच सर्वांत जास्त फाटत होते. जाड पोटऱ्यांत ताकद नव्हती. जिथे स्नायू झिजून गेला होता तिथे चरबी आणि व्रणाची ऊती भरली होती. रायपूरच्या डॉक्टरांनी वडिलांना हे सांगितलं त्या दिवशी संध्याकाळी त्यांनी दप्तरातली वाळू ब्लॉकमागच्या गुलमोहराखाली ओतली.

मी पुढे प्राणिशास्त्र घेतलं. भावासाठी घेतलं असं आमचे नातेवाईक सांगतात. ते ऐकायला चांगलं वाटतं, पण मला मुळातच पुस्तकात डोकं घालून कोपऱ्यात बसायला आवडायचं आणि त्या कोपऱ्यात हा विषय होता, इतकंच. आज मी एका कॉलेजात शिकवते. गर्भाची वाढ शिकवायचा तास आला की माझा आवाज जरा बदलतो असं विद्यार्थिनी म्हणतात.

गर्भात हात आणि पाय नुसते कोंब असतात, तेव्हा त्यांत स्नायू नसतो. पाठीच्या मधल्या रेषेच्या दोन्ही बाजूंना, जिथे पुढे मणके होणार तिथे, पेशींचे लहान ठोकळे असतात. त्यांतल्या काही पेशी सुटतात आणि चालत त्या कोंबांत जातात. चालत हा शब्द मी वर्गातही मुद्दाम वापरते. तिथे पोचून त्या विभागतात, वाढतात, मग एका रांगेत येतात, एकमेकींना चिकटतात आणि आपल्यामधल्या भिंती सोडून देतात. अशा पुष्कळ पेशी मिळून स्नायूचा एक लांब धागा होतो. त्यात केंद्रकं शेकडो, पण पेशी एकच. आपण चालतो, भांडं उचलतो, श्वास घेतो ते अशा धाग्यांच्या जोरावर.

काही थोड्या पेशी मात्र या मिसळण्यात सामील होत नाहीत. त्या धाग्याला खेटून, त्याच्या पातळ वेष्टणाखाली, झोपून राहतात. वर्षानुवर्षं झोपतात. स्नायू फाटला किंवा चेंगरला की त्या जाग्या होऊन विभागतात. त्यांतल्या काही फाटलेल्या धाग्यात मिसळून तो सांधतात आणि काही परत आपल्या जागी येऊन झोपतात, पुढच्या वेळेसाठी. या स्नायूच्या मूलपेशी. आपल्याला त्यांची कधी आठवण येत नाही. माझ्या भावाच्या शरीरात त्यांना झोप मिळत नव्हती. धाग्याचं आवरण आतून धरून ठेवणारं एक प्रथिन त्याच्याकडे तयारच होत नव्हतं, त्यामुळे साध्या हालचालीनेही धागे फाटत. मूलपेशी उठत, सांधत. पण त्यांच्या गाभ्यातही तीच उणीव होती, म्हणून सांधलेला धागा पुन्हा फाटे. मग त्या पुन्हा उठत.

हे सगळं मी त्याला पहिल्यांदा सांगितलं तेव्हा तो सोळा वर्षांचा होता. वडील निवृत्त झाले होते आणि आम्ही क्वार्टर सोडून हुडको कॉलनीतल्या आमच्या घरात राहायला आलो होतो. तो चाकाच्या खुर्चीत, मी स्टुलावर, आई ओट्यापाशी भाकरी थापत होती.

“म्हणजे स्टेपनी,” तो म्हणाला.

“हो. पण तुझ्या बाबतीत...”

“गाडी भी पंक्चर, स्टेपनी भी पंक्चर. और मेकॅनिक बेचारा रोज आ रहा है.”

“कोणता मेकॅनिक?” आईने मागे न बघता विचारलं.

“माह्या पायात राहते, आई. झोपूच देत नाही कोनी त्याले.”

“मंग त्याले म्हन, जेवून जाय.”

तो असा होता. घरात आमच्याशी मराठी, आणि वाक्याच्या मधेच हिंदी. हिंदीत त्याचे विनोद जास्त चांगले व्हायचे. घरबसल्या गणिताची पदवी घेऊन तो दहावीच्या मुलांना कॉम्प्युटरवरून गणित शिकवायचा. खांदे गेले होते, कोपरं गेली होती, पण उजव्या हाताची बोटं माऊस हलवू शकत होती. त्याच्या बऱ्याच विद्यार्थ्यांना तो खुर्चीत असतो हे माहीत नव्हतं. त्याने लपवलं नव्हतं, फक्त सांगायची गरज पडली नव्हती.

वडिलांनी घरात त्याच्यासाठी जे बांधलं ते दाखवायला मला आजही आवडतं. भिलाईच्या पावर हाउस भागातल्या बाजारातून त्यांनी चेन पुली आणली, रुंद पट्टे आणले, आणि खोलीच्या छताखाली लोखंडी तुळई बसवून घेतली. पलंगावरून खुर्चीत, खुर्चीतून न्हाणीत, भाऊ पट्ट्यांच्या झोळीत बसून जायचा. झोळी कुठे काचायची नाही, मान कुठे कलंडायची नाही. आणि खुणा भाऊ करायचा. वडिलांनी त्याला क्रेनच्या खुणा लहानपणीच खेळ म्हणून शिकवल्या होत्या. पुढे हात उचलता येईना तेव्हा तो नुसत्या तर्जनीने करू लागला. बोट वर करून छोटं वर्तुळ म्हणजे उचला, बोट खाली करून वर्तुळ म्हणजे उतरवा, आणि पंजा आडवा केला की थांबा. वडील साखळी ओढताना त्याच्या चेहऱ्याकडे बघायचे नाहीत. बोटाकडेच बघायचे. बाहेरून आलेल्या माणसाला हे जरा कोरडं वाटायचं. आमच्या घरात ते फार मानाचं होतं.

तो वीस वर्षांचा होता तेव्हा रायपूरच्या डॉक्टरांनी तपासणीनंतर एक गोष्ट काढली. हे डॉक्टर आता म्हातारे झाले होते. दक्षिणेतल्या एका शहरात एक प्रयोगशाळा होती. स्नायूच्या मूलपेशींवर तिथे काम चालायचं. त्यांना या आजाराच्या लहान मुलांचे नमुने मिळत, कारण निदानाच्या वेळी ते काढले जात. पण ज्याच्या शरीरात इतकी वर्षं झीज आणि दुरुस्ती चालू आहे, अशा मोठ्या मुलाचा नमुना क्वचितच मिळे. एवढ्या वर्षांनी त्या झोपणाऱ्या पेशी उरतात का, उरल्या तर काम करतात का, हे त्यांना पाहायचं होतं. मांडीच्या आतल्या बाजूला एक लांब, पातळ स्नायू असतो, तो या आजारात बऱ्याच उशिरापर्यंत टिकतो. त्यातून शेंगदाण्याएवढा तुकडा. पूर्ण भूल द्यायची नाही, ती त्याला धोक्याची होती, फक्त ती जागा बधिर करायची.

“तुला याचा काही फायदा नाही,” डॉक्टर म्हणाले. मग पुन्हा म्हणाले, “बेटा, समजतंय ना? तुला नाही.”

“समजलं सर,” भाऊ म्हणाला. “बीस साल से आतमधी ओव्हरटाइम चालू आहे. कोनी एकदा जाऊन हजेरी तं घ्या.”

घरी आल्यावर आईने ताट वाढेपर्यंत काही विचारलं नाही. वाढून झाल्यावर विचारलं.

“मांस काढनार?”

“थोडंसं, आई. एवढं.” त्याने तर्जनी आणि अंगठा जवळ आणले.

“जेवढं हाये तेवढं तुले पुरत नाही, आन त्यातलं बी वाटाले निघाला.”

“प्लॉट थोडी हाये आई, का हिस्सा पाडू नोको म्हन्ते.”

“हसू नोको. मी रोज ते पाय दाबते. मले मालूम हाये त्यात काय उरलं.”

हे खरं होतं. रोज संध्याकाळी ती त्याचे घोटे धरून पावलं वर वळवायची, गुडघे सरळ करायची, सांधे आखडू नयेत म्हणून. डॉक्टरांनी शिकवलं होतं त्यावर तिने स्वतःचं पुष्कळ वाढवलं होतं. कोणता स्नायू कधी मऊ पडला, कुठे हाताला दोरीसारखं लागतं, हे तिच्या बोटांना माझ्या पुस्तकांपेक्षा आधी कळायचं. तिच्या लेखी त्या मांड्यांत जे काही शिल्लक होतं ते तिने राखलं होतं. आणि आता लोक ते कापून न्यायला आले होते.

“तो मोठा आहे आता,” मी म्हटलं. “त्याच्या मनावर आहे.”

“तू गप राय बाई. तुले पुस्तकातला पाय दिसते, मले खरा दिसते.” मग वडिलांकडे वळून, “तुम्ही बी काही बोलू नोका. एक डाव टेस्टिंग करून झाली तुमची.”

वडील उठून अंगणात गेले. तो विषय त्या घरात इतक्या वर्षांत कोणी काढला नव्हता.

भावाने जेवण अर्धं टाकलं. त्याच्यासाठी ती सोपी गोष्ट नव्हती. तो आईच्या हातांवर जगत होता आणि त्याला ते माहीत होतं. संमतीच्या कागदावर सही त्याची लागत होती, पण आईची परवानगी नसताना सही करायची नाही असं त्याने ठरवलं. “तिने दाबून दाबून ठेवलंय, ताई,” तो मला म्हणाला. “मेरा अकेले का थोड़ी है.” पण हट्ट सोडला नाही. रोज एकदा तरी विचारायचा. आई रोज नाही म्हणायची. प्रयोगशाळेकडून डॉक्टरांना फोन येत होते, डॉक्टर मला विचारत होते. दिवाळी झाली, थंडी पडली, त्याला खोकला झाला, बरा झाला. प्रत्येक खोकल्यानंतर त्याची ताकद थोडी कमी होऊन यायची. त्यालाही घाई वाटत होती, फक्त तो शब्द वापरत नव्हता.

त्याच दिवसांत एकदा वडिलांबरोबर मी पावर हाउसला झोळीचा पट्टा बदलायला गेले होते. दुकानातून निघाल्यावर ऑटोसाठी थांबलो असताना ते म्हणाले, “त्या जिन्यानं लवकर झालं का, बाई?”

मला खोटं बोलता आलं असतं. मी म्हटलं, “होणार तर होतंच, बाबा. जिन्याने थोडं लवकर झालं असेल किंवा नसेलही. मला ते नक्की सांगता येत नाही.”

त्यांनी मान हलवली. पट्टा या हातातून त्या हातात घेतला. “बरं केलं, सांगतलं,” म्हणाले, आणि ऑटो थांबवली.

आईचं कुठे अडत होतं हे मला उशिरा समजलं. मुलाच्या मांडीपाशी तर अडत होतंच, पण त्याच्याही मागे एक जुनी गोष्ट होती. हा आजार मुलांना बहुतेक आईकडून येतो. आईच्या दोन एक्स गुणसूत्रांपैकी एकावर चूक असते, दुसरं चांगलं असतं, म्हणून तिला स्वतःला काही होत नाही; मुलाकडे ते एकच असतं. तपासणीत आईचं तसंच निघालं. मी पुढे माझी तपासणी करून घेतली, माझ्यात ते नव्हतं. पण त्याआधीच अहिवाऱ्याला राहणाऱ्या आमच्या आत्याने एका लग्नाच्या मांडवात चार बायकांत म्हटलं होतं, “मायच्या रक्तातूनच आलं म्हन्ते ते. आमच्या घरात कोनालेच नोयतं.” आई तिथे पंगतीत वाढत होती. वाढून झाल्यावर ती घरी आली आणि त्यानंतर कुठल्या लग्नाला गेली नाही. तेव्हापासून आपल्या अंगातलं काही मुलाला गेलं आणि त्याचं वाईट झालं, एवढंच तिला ठाऊक होतं.

एका दुपारी ती अंगणात वड्या घालत होती आणि मी शेजारी पेपर तपासत होते. मी तिला एक गोष्ट सांगितली. खरं तर ती मी फार आधी सांगायला हवी होती, पण मला वाटायचं की ती कॉलेजातली गोष्ट आहे.

मी सांगितलं की तुझ्या अंगातल्या पेशींमध्ये दोन प्रकार आहेत. काहींत चांगलं गुणसूत्र काम करतं, काहींत चुकीचं. स्नायू बनताना दोन्ही प्रकारच्या पेशी एकमेकींत मिसळून एक धागा झाला. त्या धाग्यात ज्यांना ते प्रथिन बनवता येतं त्या बनवतात, आणि ते शेजारच्यांनाही पुरतं. म्हणून तू चालतेस, पाणी भरतेस, त्याला कुशीवर वळवतेस.

तिचे हात थांबले. “म्हंजे माह्या अंगातल्या चांगल्या ज्या हायेत, त्या बाकीच्याईचं बी करून घेते?”

“हो.”

“कधीपासून?”

“तू आजीच्या पोटात होतीस तेव्हापासून.”

ती पुन्हा वड्या घालू लागली. बऱ्याच वेळाने म्हणाली, “मंग माहं घ्या ना.”

“काय?”

“मांस. त्याईले पाहाचंच हाये तं माहं बी पाहू दे. आधी माहं. मले काय होते ते मी पाहीन. मंग त्याचं.”

मी डॉक्टरांना फोन केला. ते म्हणाले की प्रयोगशाळेला याहून चांगलं काय हवं. आई आणि मुलगा, एकाच्या शेजारी एक ठेवून पाहता येईल.

भावाला सांगितलं तेव्हा तो हसला नाही. आईकडे बघत राहिला. “आई, कावून?” त्याने विचारलं.

“कावून म्हंजे? तुह्या अंगावर टाकाच्या आधी मी पाहून घेईन ना.”

“लोड टेस्ट,” वडील दारातून म्हणाले. इतक्या वर्षांनी तो शब्द आमच्या घरात परत आला, आणि आईने त्यांच्याकडे असं पाहिलं की ते पुन्हा अंगणात गेले, पण या वेळी हसत.

रायपूरला आई एकटी आत गेली. बाहेर आली तेव्हा लंगडत होती आणि पदर नीट केलेला होता.

“दुखलं का वो?” वडिलांनी विचारलं.

“तुमच्या बोलन्याहून कमी.”

काही दिवस ती मांडीवर हात ठेवून उठत होती. एकदा मला जवळ बोलावून त्या जागेवर माझं बोट ठेवलं. “उठल्या असतीन का त्या?”

“उठल्या असतील.”

“कामाले लागल्या असतीन?”

“लागल्या असतील, आई.”

“मंग ठीक हाये,” ती म्हणाली. “त्याईच्यानं होते काम.” असं बोलताना मी तिला याआधी कधी ऐकलं नव्हतं, स्वतःच्या अंगाबद्दल, कौतुकाने. लंगडणं थांबलं त्या दिवशी भावाच्या खोलीत जाऊन तिने त्याचं पांघरूण नीट केलं आणि म्हणाली, “चाल. दे बाप्पा तुह्यं.”

त्याच्या वेळी आम्ही सगळे गेलो. ऑपरेशनचं टेबल उंच होतं. तिथली माणसं मदतीला पुढे आली, पण त्याला काखेत हात घालून उचलणं चालत नसे, खांदे निसटले असते. वडिलांनी घरून झोळी आणली होती. चार जणांनी चार कोपरे धरले. सगळे एकदम बोलू लागले, जरा वर, इकडून, सांभाळून. वडील म्हणाले, “थांबा जी. सिग्नल एकच मानूस देते. तो देईन.”

सगळे गप्प झाले आणि माझ्या भावाच्या तर्जनीकडे बघू लागले. त्याने बोट वर करून वर्तुळ काढलं. झोळी उचलली गेली. त्याने बोट डावीकडे नेलं, झोळी डावीकडे गेली. मग बोट खाली, लहान लहान वर्तुळं, आणि पाठ टेबलाला लागल्यावर आडवा पंजा. डॉक्टर दार धरून उभे होते. मी आयुष्यात बक्षीस समारंभ पुष्कळ पाहिले आहेत. त्या खोलीत मला जसं वाटलं तसं कुठे वाटलं नाही.

तुकडा काढायला वेळ लागला नाही. तो बर्फाच्या डब्यात बंद झाला आणि एक माणूस तो घेऊन विमानतळाकडे गेला. परतताना गाडीत भाऊ म्हणाला, “मुझसे पहले मेरी टाँग ने फ्लाइट पकड़ ली.” आईने त्याच्या टाळूवर हलकी चापट मारली.

त्यानंतर वाट पाहणं आलं. आईच्या पेशी तिकडे लवकर वाढल्या. भावाच्या वाढेनात. डॉक्टर फोनवर जपून बोलायचे. तुकड्यात चरबी जास्त होती, मूलपेशी थोड्याच सापडल्या, आणि ज्या सापडल्या त्या हळू विभागत होत्या. भाऊ रोज विचारायचा, आज काय म्हणाले? त्याचा चेहरा मी परीक्षेच्या निकालाच्या दिवसांत पाहिला होता तसा झाला होता. एकदा म्हणाला, “नाही वाढल्या तर आईला सांगू नको. म्हण वाढल्या.” मी म्हटलं, मी असं सांगणार नाही. “तू बी ना,” तो म्हणाला, “एकदम सरकारी आहेस.”

वाढल्या. होळीच्या आधी एका सकाळी डॉक्टरांनी चित्रफीत पाठवली. आम्ही ती त्याच्या कॉम्प्युटरवर लावली. आई हात पुसत आली, वडील खुर्चीमागे उभे राहिले. पडद्यावर राखाडी रंगात लांबट पेशी होत्या, नदीतल्या मासोळ्यांसारख्या एका दिशेने वळलेल्या. पुढच्या भागात त्या एकमेकींना चिकटल्या होत्या, मधल्या भिंती गेल्या होत्या, धागे झाले होते. आईच्या धाग्यांपेक्षा ते बारीक होते, मला ते दिसत होतं. मग प्रयोगशाळेतल्या मुलीचा आवाज आला, आता विजेचा हलका झटका देतोय. आणि ते धागे आकसले. सगळे एकदम. पुन्हा झटका, पुन्हा आकसले.

“हे माहं का त्याचं?” आईने विचारलं.

“त्याचं.”

“चांगलं काम करून राहिले,” ती म्हणाली.

भावाचा पाय हलून तेव्हा दहा वर्षं होत आली होती. तो पडद्याकडे बघत होता. “अजून एकदा लाव,” तो म्हणाला. मी लावली. “अजून एकदा.” मग त्याने मान जरा वळवली आणि वडिलांना म्हणाला, “बाबा, पास झालो ना?” वडिलांनी हात पुढे केला आणि तर्जनी वर करून त्याच्यासमोर छोटं वर्तुळ काढलं.

त्या दिवशी त्याने आपल्या दहावीच्या मुलांना तो खुर्चीत असतो हे सांगितलं आणि ती चित्रफीत दाखवली. गणिताचा तास तसाच राहिला. एका मुलीने विचारलं, सर, ये आप हो? तो म्हणाला, हो, ये मैं ही हूँ, काम पे.

पुढे त्या प्रयोगशाळेतून कधी कधी निरोप यायचे. त्याच्या आणि आईच्या पेशी शेजारी शेजारी वाढवून, एकत्र मिसळून, त्यांचे धागे होतात का हे ते पाहत होते. होत होते. आईला हे सांगितल्यावर तिने मला पुन्हा सांगायला लावलं, आणि मग शेजारणीला सांगायला बाहेर गेली. पुढच्या मोसमात अहिवाऱ्याला लग्न होतं. ती गेली.

तीन वर्षांनी श्वासाचे स्नायू थकले. छातीचे, बरगड्यांमधले, आणि पोटाच्या वरचा तो मोठा पडदा. घरी यंत्र आणलं होतं. तो रात्री मुखवटा लावून झोपायचा आणि दिवसा शिकवायचा. गेला त्या दिवशी दुपारी त्याने वर्तुळाच्या स्पर्शिका शिकवल्या होत्या.

आता घरात आम्ही तिघं आहोत. आई संध्याकाळी मोकळी असते. वडिलांनी गॅस, बँक, बाजार ही कामं स्वतःकडे घेतली आहेत. मी शिकवते.

त्याच्या पेशी त्या शहरात द्रव नायट्रोजनमध्ये लहान कुप्यांत ठेवलेल्या आहेत. शेजारच्या कुप्यांत आईच्या आहेत. लागतात तेव्हा एखादी कुपी काढून वितळवतात. वितळवल्यावर त्या पेशी विभागतात, चिकटतात आणि त्यांचे धागे होतात.